मंगळाची जमीन त्रिमितीत: पायऱ्या, लाटा आणि उंचीचा प्रश्न

दगडधोंडे

नमस्कार मंडळी. ऑर्बिटरनं, म्हणजे ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानानं, काढलेल्या फोटोंवरून मंगळाच्या जमिनीचं त्रिमितीय रूप बनवायच्या नादाला लागलोय. जागा निवडली गेल विवराची. विवराच्या मधोमध शार्प पर्वत आहे, त्याचा वायव्येकडचा पायथा. क्युरिऑसिटी रोव्हर फिरतो तोच भाग.

मार्स रेकनिसन्स ऑर्बिटरवर सीटीएक्स नावाचा कॅमेरा आहे, पिक्सेलला साधारण ६ मीटर. त्याच्या दोन फोटोंची जोडी घेऊन एम्स स्टिरिओ पाइपलाइन या सॉफ्टवेअरमधून उंचीचा नकाशा काढला. शिवाय त्याच यानावरच्या हायराईज कॅमेऱ्याच्या जोडीवरून बनवलेला तयार नकाशा उतरवून घेतला, तो १ मीटरच्या जाळीचा आहे, म्हणजे दर मीटरला एक उंची. दोन्ही ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले. दिसायला झकास! पण जरा जवळ गेलं की शंका येतात.

उतारांवर भातखाचरांसारख्या पायऱ्या दिसतात, दोन्ही नकाशांत. हायराईजच्या नकाशात अगदी बारीक लाटा आहेत, समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सीटीएक्सच्या नकाशात वाळूच्या टेकाडांपाशी एक पट्टा इतका गुळगुळीत आहे की संशय यावा. आणि नकाशाच्या कडेला काही टोकं थेट पाताळात गेलीत.

शिवाय ज्याला दाखवावं तो एकच विचारतो: हे खरंच इतकं उंच आहे का? त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपा_सूर्य

छान धागा. सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

पाताळात गेलेली टोकं म्हणजे जिथे माहितीच नाही त्या जागा. फाइलमध्ये तिथे एक प्रचंड मोठी उणे संख्या भरलेली असते, ३४ च्या पुढे ३७ शून्यं अशी काहीतरी. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या सॉफ्टवेअरला ती खूण कळते, ब्लेंडर मात्र तिला उंची समजून बसतो. आधी क्यूजीआयएसमध्ये नकाशा कापून घ्या, तो भाग वगळा, मग पुढे न्या.

पायऱ्यांचं कारण बहुधा फाइलचा प्रकार. मूळ उंची ३२-बिट दशांश संख्येत असते. ब्लेंडरसाठी ८-बिट करड्या चित्रात बदललीत तर उंचीच्या फक्त २५६ पातळ्या उरतात. तुमच्या तुकड्यात खालपासून वरपर्यंत हजारएक मीटरचा फरक असेल तर एकेक पायरी ४ मीटरची झाली. १६-बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या मिळतात, म्हणजे पायरी दीड सेंटिमीटरची. डोळ्याला दिसणार नाही.

गंमत म्हणजे शार्प पर्वताच्या पायथ्याला खरेच थर आहेत, एकावर एक साचलेल्या खडकांचे. त्यामुळे खोट्या पायऱ्या तिथे भलत्याच पटतात! फरक ओळखायचा तर समान उंचीच्या रेषा काढून ताडून बघा. खोटी पायरी त्या रेषेला तंतोतंत चिकटून जाते. खरा थर थोडा कललेला असतो, कुठेतरी तुटतो, कुठे वाळूखाली जातो.

लाटा आणि गुळगुळीत पट्टा हे खरे मुद्दे. रात्री सवडीनं लिहितो.

कुतूहलराव

मी या विषयात पूर्ण नवखा. दोन फोटोंवरून उंची कळते म्हणजे नेमकं काय होतं? दोन डोळ्यांनी खोली कळते एवढं माहीत आहे, पण डोळे शेजारी शेजारी असतात. यान तर एकच.

नभोनील

कुतूहलराव, यान एकच असलं तरी ते फिरून त्याच जागेवरून जातं. पहिल्यांदा जवळजवळ सरळ खाली बघून फोटो काढतं, पुढे कधीतरी शेजारच्या मार्गावरून जाताना अंग कलवून तीच जमीन तिरकी टिपतं. दोन्ही फोटोंत उंच दगड आणि सखल जमीन एकमेकांच्या तुलनेत वेगवेगळं सरकतात. किती सरकले ते मोजायचं. यान दोन्ही वेळा कुठे होतं आणि कॅमेरा कुठे रोखला होता हे ठाऊक असतं, म्हणजे त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हाती आले. बाकी शाळेतली त्रिकोणमिती.

हे लाखो बिंदूंसाठी करायचं म्हणजे पहिल्या फोटोतला ठिपका दुसऱ्यात कुठे आहे ते यंत्राला शोधावं लागतं. सगळा घोळ तिथे होतो. गणित सोपं, जुळवणी अवघड.

आता आकडे बघा. एमआरओ (मार्स रेकनिसन्स ऑर्बिटर) साधारण ३०० किलोमीटरवरून फिरतं. दोन नजरांमधला कोन २० अंश धरला तर दोन जागांमधलं अंतर शंभरेक किलोमीटर होतं. म्हणजे डोळ्यांत १०० किलोमीटरचं अंतर असलेला राक्षस मंगळाकडे बघतोय. आपल्या डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटर. तोच कोन आपल्याला मिळवायचा तर वस्तू नाकापासून १८ सेंटिमीटरवर धरावी लागेल. म्हणून लाल-निळ्या चष्म्यातून ही चित्रं बघताना डोंगर अंगावर येतात. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसून बघितलंत तर खोली ढोबळमानानं तिपटीनं वाढलेली वाटते, चित्र बनवणाऱ्यानं काहीही ताणलेलं नसताना!

दगडधोंडे, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा एक तुकडा इथे आहे.

कुतूहलराव

आत्ता समजलं. धन्यवाद. राक्षस लक्षात राहील.

दगडधोंडे

१६-बिटमध्ये नेलं. पायऱ्या गेल्या, पाताळही गेलं. थर मात्र राहिले, आणि आता ते कललेले दिसतायत. तिरपा_सूर्य, दंडवत घ्या. रात्रीची वाट बघतोय.

मृगजळ

वाखु (वाचनखूण) साठवली.

तिरपा_सूर्य

हां, आता लाटा.

हायराईज आपल्या मोबाइलसारखा एका झटक्यात फोटो काढत नाही. यान पुढे जातं तसा तो एकेक ओळ टिपत जातो. जमिनीवरून यानाचा वेग सेकंदाला तीनेक किलोमीटर आणि पिक्सेल २५-३० सेंटिमीटरचा, त्यामुळे एका ओळीला सेकंदाचा दहा-हजारावा भाग मिळतो. एवढ्यात यान किंचित जरी थरथरलं तरी ती ओळ इकडे-तिकडे सरकते. यानावर हलणाऱ्या गोष्टी कमी नाहीत, सौर पंख आहेत, अँटेना आहे. सरकलेली ओळ जुळवणीत 'उंची' म्हणून मोजली जाते आणि नकाशात लाट उमटते.

ओळखायची कशी? ही लाट यानाच्या वाटेला आडवी असते आणि तिला भूगोलाशी काही देणंघेणं नसतं. टेकडी, खड्डा, वाळू, सगळ्यांवरून एका रेषेत सरळ जाते. खऱ्या वाळूच्या लाटा टेकडीपाशी वळतात, अडतात, दाटतात. तुमच्या लाटा उत्तर-दक्षिण वाटेला आडव्या, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम असतील तर थरथर समजा.

हायराईजमध्ये यावर एक सोय आहे. लाल रंगाच्या १० सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या) पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्यात आणि त्यांच्या कडा थोड्या एकमेकींवर चढतात. कडेची तीच जमीन क्षणभराच्या अंतरानं दोनदा टिपली जाते. त्या दोन नोंदींतल्या फरकावरून यान कसं हललं ते उलट काढता येतं. तरी थोडं उरतंच. कधी पट्ट्यांच्या सांध्यावर उभी रेघही दिसते, उत्तर-दक्षिण. तिलाही भेग समजू नका.

गुळगुळीत पट्ट्याचं म्हणाल तर तिथे उंची मोजलेलीच नसावी. नितळ वाळूवर जुळवायला खूणच सापडत नाही, सावलीतही नाही. मग सॉफ्टवेअर भोक सोडतं, किंवा तुम्ही तसं सांगितलं असेल तर आजूबाजूच्या उंचीवरून भोक बुजवतं. पाइपलाइन सोबत एक नकाशा देते, कुठला पिक्सेल जुळला आणि कुठला नाही याचा. तो उघडून त्या पट्ट्यावर ठेवा. शिवाय दोन नजरांच्या रेषा एकमेकींना किती हुकल्या याचाही थर काढता येतो. मी तर हे दोन्ही थर आधी बघतो आणि उंची नंतर.

चिकित्सक

एक शंका. दोन फोटो वेगवेगळ्या दिवशी काढलेले, कधी महिन्यांचं अंतर. मधल्या काळात सावल्या बदलणार, वाळू हलणार, धूळ उडणार. मग "तोच ठिपका" म्हणायचं कशाच्या जोरावर?

तिरपा_सूर्य

रास्त शंका, आणि जोडी निवडताना सगळ्यात आधी हेच बघायचं. एमआरओची कक्षा अशी आहे की ते नेहमी मंगळावरच्या दुपारी तीनच्या आसपास जमिनीवरून जातं. त्यामुळे सावल्या दोन्ही वेळा ढोबळमानानं सारख्या पडतात. ऋतू बदलला की सूर्याची उंची बदलतेच, म्हणून जवळच्या तारखा बऱ्या. सावली सरकलेली असेल तर यंत्र जमिनीऐवजी सावलीची कड जुळवतं आणि कड्याच्या पायथ्याशी नसलेला उंचवटा उभा राहतो. ध्रुवांकडे तर दोन फोटोंच्या मध्ये बर्फाचा थर येऊन जातो. तिथे फार जपून.

हा त्रास टाळायचा दुसरा रस्ता युरोपच्या मार्स एक्सप्रेसवर आहे. २००३ च्या डिसेंबरपासून ते मंगळाभोवती फिरतंय. त्यावरचा एचआरएससी कॅमेरा जर्मन अंतराळ केंद्राचा. त्यात नऊ ओळी आहेत. एक सरळ खाली बघते, दोन पुढे-मागे प्रत्येकी १८.९ अंशांवर, बाकीच्या रंगांसाठी आणि प्रकाशमापनासाठी. एकाच फेरीत, थोड्याशा वेळात, तीच जमीन तीन कोनांतून मिळते. ऊन तेच, धूळ तीच. बारकावा मात्र हायराईजइतका नाही, चांगल्यात चांगला पिक्सेल दहाएक मीटरचा.

मोजपट्टी

कुठलंही त्रिमितीय चित्र बघताना विचारावा असा एक हिशोब देतो. उंचीतली अपेक्षित चूक काढायची तर पिक्सेलचा आकार घ्या, जुळवणीतली चूक म्हणून ०.२ नं गुणा आणि दोन नजरांमधलं अंतर भागिले यानाची उंची या गुणोत्तरानं भागा. २० अंशांना हे गुणोत्तर ०.३६ च्या आसपास.

सीटीएक्स: ०.२ गुणिले ६ भागिले ०.३६, म्हणजे ३ मीटरच्या थोडं वर. हायराईज ३० सेंटिमीटरला: १७ सेंटिमीटर. तीनशे किलोमीटरवरून १७ सेंटिमीटर! हे मला अजूनही पचत नाही.

पण आडवा बारकावा विसरू नका. जुळवणी एकेका पिक्सेलची होत नाही, त्याभोवतीच्या चौकटीची होते. २१ पिक्सेलची चौकट घेतली तर सीटीएक्सवर ती १२६ मीटरची झाली. त्याहून लहान टेकाडं चपटी होतात. नकाशाची जाळीही पिक्सेलच्या तीन-चार पट, म्हणजे २० मीटरच्या आसपास. आता अशा जाळीवर कोणी हायराईजचा २५ सेंटिमीटरचा फोटो पसरतं, मग प्रत्येक धोंडा ठसठशीत दिसतो आणि बघणारा म्हणतो, वा, काय बारकावा! धोंडा चित्रात आहे, उंचीत नाही. त्याच्या सावलीमुळे तो उभा असल्यासारखा वाटतो एवढंच. अशा चित्रफितींचा आंतरजालावर सुळसुळाट आहे आणि त्यातल्या बहुतेकांखाली जाळीचा आकार लिहिलेला नसतो.

बंडूनाना

एवढी उठाठेव कशाला म्हणतो मी? हल्ली एकच फोटो द्या, एआय खोलीचा नकाशा काढून देतं. मी करून बघितलंय, दोन मिनिटांत मंगळ तयार. दिसायला तुमच्यापेक्षा सरस.

मोजपट्टी

नाना, दिसायला सरस असेलही. पण तो अंदाज आहे. पृथ्वीवरचे फोटो बघून शिकलेलं यंत्र मंगळावरची गडद धूळ खड्डा समजलं तर त्याला अडवणार कोण?

चिकित्सक

नानांसाठी जुनी गोष्ट. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ च्या ऑर्बिटरनं सायडोनिया भागातला एक फोटो काढला. सूर्य क्षितिजाजवळ, लांब सावल्या, आणि एका टेकडीवर माणसाचा चेहरा! नाकपुडीचा ठिपकाही होता, पण तो होता संदेश पाठवताना गळलेल्या माहितीचा. पुढे दोन दशकं त्यावर काय काय रचलं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरनं जवळून बघितलं तर झिजलेला डोंगर निघाला. २००६ मध्ये एचआरएससीच्या त्रिमितीय नकाशानं तोच डोंगर चारही बाजूंनी फिरवून दाखवला.

एका फोटोवरून खोली ठरवणं हा मेंदूचा जुना खेळ आहे. आता तो यंत्राला शिकवलाय.

बंडूनाना

बरं बाबांनो, पण शास्त्रज्ञही एका फोटोतल्या उजेड-सावलीवरून उतार काढतात असं वाचलंय. ते चालतं, आणि माझंच चालत नाही होय?

तिरपा_सूर्य

नानांचा मुद्दा सोडण्यासारखा नाही. तशी पद्धत आहे आणि ती उपयोगी आहे. सूर्याकडे झुकलेला उतार उजळ, विरुद्ध बाजूचा अंधारा, त्यावरून उताराचा कोन. स्टिरिओला, म्हणजे दोन फोटोंच्या जोडीला, जुळवायला खुणा मिळत नाहीत अशा नितळ जागी ती फार कामी येते. अट एवढीच की जमिनीचा मूळ रंग सगळीकडे सारखा धरावा लागतो किंवा वेगळा काढावा लागतो. म्हणून आधी स्टिरिओचा नकाशा घेतात आणि त्यावर उजेडाच्या आधारे बारकावा चढवतात. सूर्य कुठे होता, कॅमेरा कुठे होता, हे सगळं त्या गणितात मांडलेलं असतं. तुमच्या दोन मिनिटांच्या मंगळात यातलं काय आहे ते सांगा, मग तोही मोजू.

कातळशिल्पी

या विषयावर नेहमी ऑर्बिटरचंच बोललं जातं. मला रोव्हरची चित्रं जास्त आवडतात, कारण तिथे डोळे खरंच शेजारी शेजारी असतात.

सुरुवात व्हायकिंग-१ च्या लँडरपासून. त्यावर दोन कॅमेरे होते, मध्ये अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास. पाथफाइंडर १९९७ मध्ये उतरला, त्याच्या कॅमेऱ्याचे दोन डोळे १५ सेंटिमीटरवर. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीच्या पॅनकॅमचे ३० वर. क्युरिऑसिटीच्या वाट शोधणाऱ्या नॅव्हकॅमचे ४२ वर. त्याचा मास्टकॅम मात्र चमत्कारिक आहे, एका डोळ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर ३४ मिलिमीटर, दुसऱ्याचं १००! एक रुंद बघतो, एक लांबचं. जोडी लावायची तर लांबच्या डोळ्याचं चित्र तिपटीनं लहान करायचं आणि रुंदातला तेवढाच मधला तुकडा कापायचा. पर्सिव्हिअरन्सवर दोन्ही डोळ्यांना झूम दिल्यामुळे ही कटकट संपली.

रोव्हरच्या त्रिमितीची मर्यादा मात्र कडक आहे. अंतर वाढलं की चूक अंतराच्या वर्गानं वाढते. क्युरिऑसिटीच्या नॅव्हकॅमचा हिशोब केला तर १० मीटरवर एका पिक्सेलच्या चुकीला खोलीत २० सेंटिमीटर. १०० मीटरवर तीच चूक २० मीटर! मागचे डोंगर सपाट पडद्यासारखे दिसतात ते यामुळे. त्यावर उपाय फार साधा: एक जोडी काढा, रोव्हर काही मीटर बाजूला न्या, पुन्हा काढा. दोन डोळ्यांतलं अंतर अर्ध्या मीटरवरून थेट दहा मीटर होतं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीनं हे करून दूरच्या टेकड्या मोजल्या.

घरी करायचं असेल तर नासाच्या संकेतस्थळावर कच्चे फोटो रोजच्या रोज येतात, नावातच डावा-उजवा कळतो. डावा फोटो लाल वाहिनीत, उजवा हिरव्या-निळ्या वाहिन्यांत. चष्म्याची लाल काच डाव्या डोळ्यावर. उलटं घातलंत तर खड्ड्यांचे डोंगर होतात.

नभोनील

ॲनाग्लिफबद्दल, म्हणजे या लाल-निळ्या चष्म्याच्या चित्रांबद्दल, कातळशिल्पींच्या यादीत भर. मंगळाचे रंगीत फोटो तसेच वापरू नका, आधी करडे करा. मंगळ तांबडा, त्यामुळे लाल काचेतून सगळं लख्ख आणि निळसर काचेतून काळपट. दोन डोळे भांडतात आणि पाच मिनिटांत डोकं धरतं.

दुसरं, दोन चित्रांतला सरक आडवाच हवा. हायराईज पूर्व-पश्चिम कलून बघतो, तिथे उत्तर वर ठेवली की झालं. एचआरएससी वाटेच्या दिशेनं पुढे-मागे बघतो, म्हणजे सरक उत्तर-दक्षिण. म्हणून त्याची चित्रं नव्वद अंशांत फिरवावी लागतात आणि त्यात उत्तर उजवीकडे असते. हे ठाऊक नसलं की माणूस नकाशाशी ताडून बघताना वेडा होतो.

जाता जाता: क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे खगोलशास्त्रात डॉक्टरेट केलेला आहे आणि त्याला या जोड्यांचं वेड आहे. बेन्नू लघुग्रहावरून नमुना कुठून उचलायचा ते ठरवताना त्यानं आणि क्लॉडिया मांझोनी यांनी बनवलेल्या स्टिरिओ जोड्या मोहिमेच्या लोकांनी वापरल्या. धोंड्यांचा नुसता खच, यान टेकवायचं कुठे, हे दोन डोळ्यांनी बघितल्यावर लवकर कळतं.

मृगजळ

सरावाला आपल्या चांद्रयानांची माहिती चालेल का? चंद्र ग्रह नाही हे मान्य, मोजपट्टीकाकांनी लगेच टोकू नये.

मोजपट्टी

टोकत नाही गं. उलट उत्तम सराव. चांद्रयान-२ चा टीएमसी-२ कॅमेरा पुढे, खाली, मागे असा तीन कोनांतून एकाच फेरीत बघतो, बाजूचे दोन २५ अंशांवर, पिक्सेल ५ मीटरचा. माहिती इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर खातं उघडून मिळते. प्रज्ञान रोव्हरच्या नॅव्हकॅमच्या डाव्या-उजव्या फोटोंवरून विक्रमचं ॲनाग्लिफ इस्रोनं ५ सप्टेंबर २०२३ ला प्रसिद्ध केलं होतं, तेही बघ. चंद्रावर हवा नाही, सावल्या काळ्याकुट्ट, त्यात काही जुळत नाही. मंगळावर धुळीच्या उजेडामुळे सावलीतही थोडं दिसतं.

दगडधोंडे

सगळं वाचतोय. जुळलेल्या पिक्सेलांचा नकाशा लावून बघितला. गुळगुळीत पट्टा जवळजवळ पूर्ण काळा, म्हणजे तिथे काही मोजलेलंच नाही. लाटाही पूर्व-पश्चिमच निघाल्या.

आता राहिला ताणण्याचा प्रश्न. ब्लेंडरमध्ये उंचीचा ताण १, म्हणजे खऱ्याइतकाच, ठेवला तर चित्र मिळमिळीत दिसतं. ३ केला की भव्य. लोक काय करतात?

चिकित्सक

लोक काय करतात ते शुक्रावर बघा. मॅगेलन यान १९९० मध्ये शुक्राभोवती गेलं. ढगांमुळे कॅमेऱ्याचा उपयोग नाही, सगळं काम रडारचं. माट मॉन्स ज्वालामुखीचं ते प्रसिद्ध चित्र आठवा: नारिंगी जमीन, सुळक्यासारखा पर्वत, पायथ्याशी लाव्हा. त्यात उंची २२.५ पट ताणली होती. पर्वत साधारण ८ किलोमीटरचा आहे खरा, पण इतका पसरट की त्यावर चढताना चढण जाणवायची नाही. रंग सोव्हिएत व्हेनेरा यानांच्या फोटोंवरून घेतला. चित्राखाली हे सगळं नीट लिहिलं होतं. चित्र जगभर फिरलं, खालची ओळ मागेच राहिली, आणि एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात शुक्र म्हणजे सुळक्यांचा ग्रह.

माझं मत: १ च ठेवा. मिळमिळीत तर मिळमिळीत.

नभोनील

मी इतका कडक नाही. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स ज्वालामुखी २२ किलोमीटर उंच, पण ६०० किलोमीटर रुंद. उतार चार-पाच अंशांचा. १ ठेवलंत तर ताटली दिसते आणि लाव्ह्याचे ओघ कुठून कसे गेले ते अजिबात कळत नाही. अभ्यासाला दुप्पट-तिप्पट ताण रास्त आहे. फक्त तो आकडा चित्रातच, कोपऱ्यात, पिक्सेलांत लिहा. खालच्या ओळीत नको, ती गळते.

बरं, शुक्राचं रडार एवढंही बदनाम करू नका. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या रडार चित्रांच्या जोड्यांवरून ग्रहाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याची बारीक उंची काढता आली. आणि माट मॉन्सवरच्या एका विवराचा आकार १९९१ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबरमध्ये बदलला, हे जुन्या मॅगेलन चित्रांतूनच २०२३ मध्ये उघड झालं. तिथेही आधी प्रश्न हाच होता की बदल खरा, की फक्त बघण्याचा कोन बदलल्याचा भास. कोनाचा हिशोब करूनच ते ठरलं.

बंडूनाना

म्हणजे ताणलेलं चाललं, पण आकडा लिहून. माझ्या एआय मंगळावरही लिहितो मग: "अंदाजे".

चिकित्सक

नाना, तेवढं केलंत तरी पुष्कळ.

दगडधोंडे

दीडपट ताण ठेवला, कोपऱ्यात लिहिलं. न मोजलेला भाग बुजवण्याऐवजी राखाडी ठेवला. चित्राची शोभा थोडी गेली, पण आता कोणी विचारलं तर उत्तर आहे.

एक शेवटचं. सीटीएक्स आणि हायराईजचे नकाशे एकमेकांतून वजा केले तर सगळा फरक एका बाजूला कलतो, एका टोकाला काही मीटर वर, दुसऱ्या टोकाला खाली. शिवाय टेकाडांच्या कडांवर वेगळे ठिपके आहेत.

तिरपा_सूर्य

कल येणारच. यानाच्या जागेची आणि रोखाची नोंद किंचित चुकते आणि अख्खा नकाशा तिरका बसतो. आधी दोन सीटीएक्स फोटोंचे कॅमेरे एकमेकांशी जुळवून घ्या, पाइपलाइनमध्ये त्याचं वेगळं साधन आहे. मग तयार नकाशा मोलाच्या बिंदूंवर बसवा. मोला म्हणजे मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरचा लेसर उंचीमापक, वाटेवर दर ३०० मीटरला एक बिंदू. जाळी विरळ, पण निरपेक्ष उंचीला आजही आधार त्याचाच. मंगळावर समुद्र नाही, शून्य उंची गुरुत्वाच्या हिशोबानं ठरवलेली आहे. दोन्ही नकाशे त्याच शून्यावरून मोजलेत ना, तेही तपासा. एक गोलापासून आणि दुसरा गुरुत्वाच्या पृष्ठापासून मोजलेला असला तर कित्येक मीटर इथेच जातात.

हे झाल्यावर पुन्हा वजा करा. टेकाडांच्या कडांवरचे ठिपके तरीही राहिले तर दोन शक्यता: जुळवणी फसली, किंवा दोन जोड्यांच्या मधल्या काळात वाळू सरकली. ती टेकाडं चालती आहेत, रोव्हरनंही ते पाहिलंय, पण वर्षाला मीटरभराच्या आतबाहेर. सीटीएक्सची चूकच ३ मीटर, त्यामुळे तुमच्या वजाबाकीत ते सिद्ध होणार नाही. त्यासाठी वेगळ्या तारखेची दुसरी हायराईज जोडी लागेल, कोन १५ ते २५ अंशांत, ऊन शक्य तितकं सारखं.

दगडधोंडे

जोडी शोधायला घेतो. मोलावर बसवलेला नकाशा आणि चूक दाखवणारा थर दोन्ही इथेच प्रतिसादात टाकेन, ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं आणि खोट काढावी.